मंडळीची शिस्त आणि दफनभूमीचे कुलूप

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ख्रिस्ती मंडळीतून (म्हणजे चर्चच्या सभासदांतून) कुणाला बाहेर काढले, की इतरांना ते जातपंचायतीने वाळीत टाकल्यासारखे वाटते. पुष्कळदा ते तसेच झालेले असते, म्हणून हे पत्र.

बायबलमधल्या मत्तयाच्या १८व्या अध्यायात (१५ ते १७) यासाठी क्रम दिला आहे. आधी एकट्याने जाऊन चूक दाखवा, मग एक-दोघांना सोबत न्या, मग मंडळीपुढे ठेवा. तरीही ऐकले नाही तर तो परराष्ट्रीय व जकातदारासारखा, म्हणजे बाहेरचा, समजावा. प्रत्यक्षात पहिली पायरीच गाळली जाते. तक्रार थेट पाळकांकडे (धर्मगुरूंकडे), तेथून समितीत, आणि ज्याच्याबद्दल बोलणे चालले आहे त्याला ते कळते रविवारी, उपासनेनंतरच्या सूचनांत. तो चिडतो. मग त्या चिडण्यालाच ‘पश्चात्ताप नाही’ असे नाव मिळते. चूक नेमकी दाखवल्यावर, विचाराला वेळ दिल्यावरही जो ती चालू ठेवतो, तो अपश्चात्तापी. समितीकडे हिशेब मागणारा त्यात बसत नाही.

एक अपवाद ठळकपणे सांगायला हवा. बालकाचे लैंगिक शोषण असेल तर ‘आधी एकांतात समजावू’ चालणार नाही. २०१२च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

खरी गडबड इतिवृत्तात होते. ‘मंडळीच्या हिताविरुद्ध वर्तन’ एवढाच ठराव असेल तर तो कागद कुचकामी. कृत्य कोणते, कधीचे, साक्षीदार किती, कोण कोणत्या तारखेला भेटले, त्याचे उत्तर काय, काय केले म्हणजे बंदी उठेल आणि फेरविचार कधी, हे सगळे त्यात हवे. दोन-तीन वर्षांत पाळकांची बदली होते, समिती बदलते. बंदी का घातली हे सांगणारे कुणी उरत नाही, बंदी तेवढी उरते. तक्रारदारच समितीवर असेल तर त्या विषयापुरते त्याने बाहेर बसावे. थकलेली वर्गणी हा खजिनदाराचा विषय आहे, तो यात घुसडू नये.

बंदी प्रभुभोजन (भाकर व द्राक्षारसाचा विधी), मंडळीतले पद आणि मतदान यांपुरतीच असावी. उपासनेला त्याने यावे, पाळकांनी त्याच्या घरी जात राहावे. थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात (३:१५) प्रेषित पौल बजावतो की अशा माणसाला शत्रू मानू नका, बंधू समजून बोध करा. त्याच्या मुलीचे लग्न अडवणे किंवा आईच्या दफनासाठी दफनभूमीचे कुलूप न उघडणे, ही शिक्षा घरच्यांना होते.

कॅथलिक कॅनन लॉ (त्या चर्चचा अंतर्गत कायदा) इथे अधिक काटेकोर आहे. बहिष्कारासारख्या दंडाआधी किमान एकदा ताकीद आणि सुधारायला पुरेसा अवधी (कॅनन १३४७). हट्ट सोडल्यावर दंड उठवणे नाकारता येत नाही (१३५८). मरणाचा धोका असेल तर संस्कारांवरची बंदी थांबते (१३५२). अंत्यविधी नाकारण्याबाबत शंका असल्यास बिशपांना विचारून त्यांच्या निर्णयाप्रमाणे वागायचे (११८४).

देशाच्या कायद्याचेही भान हवे. मुंबई राज्याचा १९४९चा बहिष्कार प्रतिबंधक कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२मध्ये दाऊदी बोहरा प्रकरणात रद्द केला. धार्मिक पंथाला आपला कारभार पाहण्याचा हक्क आहे, हा त्याचा आधार. त्या निकालाचा प्रश्न २०२३मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला गेला. दरम्यान महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१७पासून लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. प्रभुभोजन न देणे आणि सगळ्यांना त्याच्याशी बोलणे सोडायला लावणे यांतला फरक समितीने ठराव करण्यापूर्वीच ओळखावा.

करिंथमधल्या ज्या माणसाला काढण्याविषयी पौलाने तिथल्या मंडळीला पहिल्या पत्रात लिहिले, बहुधा त्याच्याबद्दलच दुसऱ्या पत्रात (२:६ ते ८) तो म्हणतो की झाली ती शिक्षा पुरे, आता क्षमा करा, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. आपल्याकडे पहिले पत्र वाचून दाखवले जाते, दुसरे राहून जाते. बंदी व्यासपीठावरून जाहीर झाली असेल तर ती उठल्याचेही तिथूनच, नाव घेऊन, वाचले जावे.

कळावे.
– एक वाचक, अहिल्यानगर