एम.जी. टीडी (१९५२): काढलेले मूळ भाग परत मिळण्याबाबत व सदोष कामाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
जुन्या मोटारींची दुरुस्ती कार्यशाळा, पुणे

महोदय,

१९८४ पासून माझ्याकडे असलेली एम.जी. टीडी ही जुनी ब्रिटिश मोटार मी पूर्ण दुरुस्तीसाठी आपल्या स्वाधीन केली. अंदाजपत्रक मंजूर करताना त्यावर मी एक ओळ लिहिली होती: ‘काढलेला प्रत्येक जुना भाग मालकाला परत द्यावा.’ त्याखाली आपल्या सुपरवायझरची सही आहे. गाडी घरी आली तेव्हा सोबत एकही जुना भाग नव्हता. फोन केल्यावर ‘ते भंगारात गेलं’ एवढंच उत्तर मिळालं. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

या गाडीची बॉडी नुसत्या पत्र्याची नसते. खाली पोलादी चासी, तिच्यावर अ‍ॅश या झाडाच्या लाकडाचा सांगाडा आणि त्या लाकडावर ठोकलेला पत्रा, अशी तिची बांधणी आहे. दरवाजांची बिजागरी मागच्या बाजूला असल्यामुळे दरवाजाचा सगळा भार मागच्या लाकडी खांबावर येतो. माझ्या गाडीचा उजवा खांब खालून कुजला होता, म्हणून दरवाजा खाली बसत होता. उरलेलं लाकूड मी जागोजागी टोचून तपासलं होतं. ते टणक होतं. एक खांब अ‍ॅशचा, नाहीतर चांगल्या मुरलेल्या सागवानाचा बसवायचा, एवढंच ठरलं होतं.

आसनामागचं अस्तर सोडवल्यावर आत काय दिसलं? दोन्ही बाजूंचं लाकूड गायब, त्याजागी लोखंडी चौकोनी पाइप, आणि पत्रा त्यालाच वेल्डिंगने चिकटवलेला. वेल्डिंगमुळे पत्र्याला आलेले पोचे जाड पुट्टी भरून झाकले आहेत आणि दरवाजाच्या कडेला रंगाला आत्ताच तडे गेले आहेत. चासी रस्त्यावर थोडी पिळवटते, लाकूड ते सोसतं. वेल्ड केलेला पाइप सोसत नाही. बिलात मात्र या सगळ्याला ‘लाकूडकाम’ म्हटलं आहे आणि त्याचे पैसे मी पूर्ण भरले आहेत.

इंजिनाचं नुकसान तर माझ्या मते याहून गंभीर आहे. या गाडीचं १२५० सीसीचं एक्सपीएजी इंजिन मॉरिस या ब्रिटिश कंपनीच्या कोव्हेंट्रीच्या कारखान्याच्या वारशातून आलं. तो कारखाना मुळात हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा. त्यामुळे बोल्टची डोकी ब्रिटिश व्हिटवर्थ (जुन्या, इंचातल्या) मापाची, पण आटे मेट्रिक, तेही बारीक. आठ मिलिमीटरच्या बोल्टला १ मिलिमीटरचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) असतो. बाजारात सहज मिळणाऱ्या बोल्टला १.२५ चा. जुन्या गाड्यांचं काम करणाऱ्या फिटरला हे ठाऊक असायलाच हवं. आपल्याकडे मूळ बोल्ट टाकून दिले गेले, बाजारचे बसेनात म्हणून ब्लॉकच्या भोकांमध्ये १.२५ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारला गेला. आता आटे अर्धवट कापले गेले आहेत, संपचे (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचे) बोल्ट धरत नाहीत आणि कडेने तेल गळतं. मागच्या बाजूने थोडं तेल हे इंजिन पूर्वीपासूनच टाकतं, कारण क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) त्या टोकाला सील नसून तेल परत फिरवणारी खोबण आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

इंजिन नंबर असलेली पितळी अष्टकोनी पट्टीही रंगकामात काढली आणि परत लावली नाही. चासीच्या पुढच्या टोकावर कोरलेला नंबर पावडर कोटिंगखाली इतका बुजला आहे की त्याची पेन्सिल प्रिंटही निघत नाही. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, चासी, बॉडी व इंजिनात मोठा फेरबदल न झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि आधी नोंदणी झालेल्या गाडीला आपला मूळ नंबर ठेवता येतो. मी हे काम काढलं ते त्या नोंदणीच्या तयारीसाठी, आणि हे कामाआधीच्या पत्रव्यवहारात स्पष्ट लिहिलं होतं.

इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनला १९४९ ते १९५३ या काळात सुमारे ३० हजार टीडी बनल्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. भारतात उरलेल्या गाड्यांचं एकेक लाकूड, एकेक बोल्ट मोलाचा आहे. नवीन चकचकीत गाडी हवी असती तर मी शोरूममध्ये गेलो असतो. चाळीस वर्षं मी ही गाडी जशी बनली तशीच राखली, आणि तशीच ती माझ्या मुलीच्या हाती द्यायची आहे.

म्हणून माझी मागणी अशी: पितळी पट्टी, मूळ बोल्ट आणि सांगाड्याचं लाकूड भंगारवाल्याकडून शोधून परत आणावं, कुजका खांबसुद्धा मला हवा आहे, कारण नवा खांब त्याच्याच मापाने बनेल. लाकूडकामाची पूर्ण रक्कम परत करावी. ब्लॉकमध्ये १ पिचचे इन्सर्ट (भोकात बसवायचे नवे आटे) मी निवडलेल्या मशीन शॉपमध्ये बसवले जातील, त्याचा खर्च आपण द्यावा. चासी नंबरावरचं कोटिंग माझ्यासमोर, घासणी यंत्र न लावता, केवळ रसायनाने उतरवावं. तोवर गाडीला आपल्या माणसांनी हात लावू नये.

सही केलेलं अंदाजपत्रक, बिल, पत्रव्यवहार आणि कामाआधीची व नंतरची छायाचित्रं सोबत जोडली आहेत. १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन. भंगारवाल्याचं नाव व पत्ता मात्र मला आजच कळवावा, माल वितळवायला जाण्याआधी मी स्वतः तिथे जाईन.

आपला,
(सही)
गाडीमालक