हॉटेलात वाजवतो म्हणे!

केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स
रविवार सकाळ

ती. बाबा,
सा. न.

व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तुम्ही नुसता अंगठा पाठवून मोकळे झाला असतात, म्हणून कागद काढला. आईला सांगा, भाजणी पोचली. थालीपीठं झाली, पण इथला तवा अगदीच कुचकामी आहे.

परवा फोनवर तुम्ही आपल्या अद्वैतबद्दल म्हणालात, "हॉटेलात वाजवतो. समोर लोक सँडविच खात असतात." ते काही डोक्यातून जाईना, कारण काल रात्री मीही तशाच एका हॉटेलात सँडविच खात बसले होते.

घराजवळचं कॉफीचं दुकान. तीसेक खुर्च्या, कोपऱ्यात एक स्टूल, एक माइक आणि पन्नाशीचा एक गिटारवाला. दिवसा तो पियानो दुरुस्त करतो. तिसऱ्या गाण्याच्या ऐन मध्यात पहिली तार तुटली. त्याने गाणं तसंच पाच तारांवर संपवलं, मग नवी तार चढवता चढवता आपल्या आजीची गोष्ट सांगितली. नवी तार ताणत राहते, उतरते, हे तुम्हाला मी काय सांगणार. पुढच्या गाण्यात दोन ओळींच्या मध्ये त्याचा हात सारखा खुंटीकडे जात होता. आणि काउंटरमागची मुलगी दूध फेसायची वाफ सोडायला गाणं संपायची वाट बघत होती! तीन गिऱ्हाइकं कॉफीविना उभी, पण कोणी हूं की चूं केलं नाही.

संपल्यावर मी त्याच्याकडे गेले आणि मोठ्या कौतुकाने म्हटलं, "फार आवडलं, स्पॉटिफायवर नक्की ऐकेन." तो हसला. शेजारच्या बाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं. २०२४ पासून स्पॉटिफायवर नियम आहे, की एखादं गाणं वर्षभरात हजार वेळा ऐकलं गेलं नाही, तर त्या ध्वनिमुद्रणाचा एक पैसाही मिळत नाही. म्हणजे मी त्याला जे देऊ केलं होतं ते शून्य होतं, तेही कौतुकाच्या कागदात गुंडाळून. कान गरम झाले. सीडी विकत घेतली. लावायला यंत्र नाही माझ्याकडे, असू दे.

या गावाला अशा दुकानांची सवय जुनी आहे. हार्वर्ड स्क्वेअरजवळ १९५८ मध्ये क्लब ४७ निघाला, माउंट ऑबर्न स्ट्रीटवर ४७ नंबरच्या जागेत. पुढे तो पामर स्ट्रीटला गेला, तर तिथेही नंबर ४७च. प्रसिद्ध गायिका जोन बाएझ विशीसुद्धा गाठली नव्हती तेव्हा तिथे गायची. आज तो क्लब पासीम नावाने ना-नफा संस्था म्हणून चालतो. गायिका ट्रेसी चॅपमन टफ्ट्स विद्यापीठात शिकत असताना याच हार्वर्ड स्क्वेअरच्या चौकात उभी राहून गायची. तिचा पहिला अल्बम आला १९८८ मध्ये. अर्थात प्रत्येकाचं असं होत नाही. कालच्या गिटारवाल्याचं होणार नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. पण नावाजलेल्याला ऐकायला गर्दी आपोआप होते. मला जास्त वाटतं ते या न झालेल्यांबद्दल.

आणि बाबा, तुम्ही हे म्हणावंत? आजोबांच्या वाड्यात बैठकी व्हायच्या तेव्हा माजघरात पोहे फिरत नव्हते का? मधल्या चौकात जोडे, दिवाणखान्यात चाळीस माणसं, गवईबुवांना पाकिटातून बिदागी आणि तबल्याला बसणाऱ्या एका पोराला पाच रुपये. ते पाच रुपये तुम्ही किती दिवस मोडले नव्हते, हे आईनेच मला सांगितलंय. पुढे बँकेची नोकरी लागली आणि डग्गा-तबला माळ्यावर गेला. त्याबद्दल मी काही बोलत नाही. पण त्या पोराला कोणी "पोहे खाणाऱ्यांसमोर वाजवतो" म्हटलं असतं तर?

आपल्या पुण्याचीही गंमतच आहे. डिसेंबर आला की सवाई गंधर्व महोत्सवासाठी तिकिटं काढायची, चटई, थर्मास, शाली, सगळा जामानिमा. १९५३ पासून हे चाललंय आणि छानच आहे. उरलेले अकरा महिने मात्र आपण पेपरात एकच ओळ शोधतो: "कार्यक्रम विनामूल्य, काही जागा राखीव." नाहीतर ओळखीच्याला फोन, "पास आहेत का?" अद्वैत सांगत होता, महिन्याभरापूर्वी एका कॅफेवाल्याने तिघांना मिळून दोन बर्गर आणि "प्रसिद्धी" दिली. कोथरूडहून स्पीकर न्यायला रिक्षाचेच साडेतीनशे गेले.

तर या शनिवारी तुम्ही आणि आई अद्वैतच्या कार्यक्रमाला जा. पुढच्या टेबलावर बसा. कॉफी मागवा, नुसतं पाणी घेऊन बसू नका. दीडशे रुपये म्हणजे काय, असं काउंटरवर विचारू नका, घरी आल्यावर आईला विचारा. माइकशेजारी एक क्यूआर कोड ठेवलेला असतो, पैसे त्यावर टाका. अद्वैतच्या हातात दिलेत तर तो पॉकेटमनी होतो. मोबाइल वर धरून सबंध गाणं टिपू नका. आवडलं नाही तर नाही आवडलं म्हणा, पण संपल्यावर, आणि एकट्यात. त्याचं एक गाणं सात मात्रांचं आहे, त्यात तो तिसऱ्या ओळीला हमखास घाई करतो. मला ऐकू येतं, पण नेमकं काय चुकतं ते सांगता येत नाही. तुम्हाला येईल.

इथे थंडी सुरू झाली आहे. गुडघ्याचं तेल संपत आलं असेल तर कळवा, येणाऱ्या कोणाबरोबर पाठवते.

तुमची,
प्राजक्ता

ता. क. जोशीकाका पास मागणारच. त्यांना सांगा, दोनशे रुपये, दारावर.