सूचना : तल्लफ आल्यावरची पहिली 30 मिनिटे

व्यसनमुक्ती गटाच्या सर्व सभासदांना कळविण्यात येते की, पुढील बैठकीत नशेची तल्लफ हाताळण्याचा सराव घेतला जाणार असून प्रत्येकाने आपली वही सोबत आणावी. तल्लफ लाटेसारखी चढते आणि तिला खतपाणी न घातल्यास बहुधा 15 ते 30 मिनिटांत ओसरू लागते. तेवढा वेळ जागा बदलणे, दोन्ही पाय जमिनीवर घट्ट टेकवून श्वास सावकाश सोडणे आणि सोबत्याला फोन करणे, एवढेच काम समोर ठेवावे. त्या वेळी भूक, राग, एकटेपणा वा थकवा यांपैकी काय होते, हे त्याच दिवशी लिहावे. "संध्याकाळचे सहा, घरी कोणी नाही, जेवण राहिले" एवढी ओळही पुरते. अशाच ओळींतून मला माझी धोक्याची वेळ सापडली.

पाऊल घसरल्यास लाजेपोटी गैरहजर राहू नये. मात्र काही काळ नशा बंद ठेवल्यानंतर ती पेलण्याची शरीराची सहनशक्ती घटलेली असल्याने पूर्वीचे प्रमाण जीवघेणे ठरू शकते, तसेच दीर्घकाळ रोज भरपूर मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी बंद केल्यास झटके येऊ शकतात, म्हणून आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जगणे नकोसे वाटत असेल, तर बैठकीची वाट न पाहता, रात्री-अपरात्रीसुद्धा, आम्हाला तत्काळ कळवावे.