आधी आग विझवा

अग्निशमन दलाने सुटकेच्या कामाचे पैसे घ्यावेत, असे कुणी म्हटले की अमेरिकेतील टेनेसी राज्यातली २०१० सालची घटना आठवते. साउथ फुल्टन शहराच्या हद्दीबाहेरील एका कुटुंबाने ७५ डॉलरची वार्षिक फी भरली नव्हती. बंब आला तो फी भरलेल्या शेजाऱ्याचे शेत वाचवायला. या कुटुंबाचे घर मात्र डोळ्यांदेखत जळाले. अंगावर काटा येतो! चित्रीकरणासाठी बंब हवा असेल तर खुशाल शुल्क घ्या. पण लिफ्टमध्ये अडकलेल्या आजीने १०१ फिरवण्यापूर्वी पेन्शनचा हिशेब करायचा का? खर्च भागत नसेल तर महापालिकांनी अर्थसंकल्पात दलासाठीची तरतूद वाढवावी.

– एक ज्येष्ठ नागरिक, दादर, मुंबई