प्रौढांना शिकवणाऱ्यांनी एकत्र बसून वाचावं

कोरेगाव, जि. सातारा
१० नोव्हेंबर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. साक्षरता वर्ग घेणाऱ्या तुमच्या तालुक्यातल्या स्वयंसेवकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण तुझ्या गळ्यात पडलंय आणि त्यात काय काय ठेवू, असं विचारलं आहेस. मनापासून सांगतो, प्रशिक्षण एकाच दिवसात उरक आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा एक वाचनगट सुरू करून दे. पुढची दोन-तीन वर्षं त्यांना तोच पुरेल.

असं का म्हणतो ते सांगतो. ‘उल्लास’ या केंद्र सरकारच्या प्रौढ साक्षरता कार्यक्रमात शिकवायला येणारी माणसं कोण असतात ते तुला माहीत आहे. बारावी झालेली सून, कॉलेजातला मुलगा, एखाद्या आशाताई, एखादे निवृत्त गुरुजी. मानधन नाही, सगळं स्वेच्छेवर. यातल्या बहुतेकांनी शिकवण्याचं शिक्षण घेतलेलं नसतं. आणि तुझ्या-माझ्यासारख्यांनी डी.एड. केलं ते सहा वर्षांच्या पोरांसाठी. पन्नाशीच्या बाईला अक्षर कसं शिकवायचं हे आपल्यालाही कुणी सांगितलं नव्हतं. प्रशिक्षणात सांगणारा सांगतो, बाकीचे लिहून घेतात. शेवटी ‘काही शंका?’ म्हटलं की सगळे गप्प. कारण खऱ्या शंका त्या दिवशी नसतातच. त्या येतात तिसऱ्या आठवड्यात, जेव्हा वर्गात चौघीच उरतात आणि त्यातली एक म्हणते, ‘बाई, आता या वयात माझ्या डोक्यात काय शिरायचं!’ त्या वेळी शिकवणारी एकटी असते. वाचनगट हवा तो त्या वेळेसाठी.

आमचा गट गावच्या ग्रंथालयात बसतो. ‘ड’ वर्गाचं छोटं ग्रंथालय, एक लांब टेबल आणि दोन बाकं. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी बसतो, कारण त्या दिवशी आसपासच्या वाड्यांवरची माणसं तशीही गावात येतात. दोन-तीन पानांचा मजकूर घ्यायचा आणि तो तिथंच, आळीपाळीने मोठ्यानं वाचायचा. घरून वाचून या, असं कधीच सांगायचं नाही. ज्यांना घरचं, शेतातलं आवरून यावं लागतं त्यांना ते जमत नाही, मग न वाचता आल्याच्या संकोचाने ती माणसं येणंच बंद करतात.

मोठ्यानं वाचण्याचा आग्रह मी का धरतो, ते एका बैठकीत फार स्पष्ट दिसलं. आमच्यात बी.ए. झालेली एक तरुण सून आहे, शिकवते उत्तम. तिची पाळी आली, मजकूर जरा जड होता, मोठी जोडाक्षरं होती. तिसऱ्या ओळीत ती अडखळली, पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडखळली. कान लाल झाले तिचे. कुणी हसलं नाही, कुणी घाईनं शब्द पुरवलाही नाही. तिनं ओळ पुरी केली, कागद खाली ठेवला आणि म्हणाली, ‘माझ्या वर्गातल्या मावशींना अक्षर येतं, तरी त्या मान खाली घालून बसतात. का, ते आज समजलं.’ त्यानंतर तिनं वर्गात एकेकीला उभं करून वाचायला लावणं सोडलं. आता दोघी-दोघी मिळून वाचतात. असं परिपत्रकाने किंवा भाषणाने झालं नसतं, सुहास. शिकणाऱ्याच्या जागी स्वतः बसल्याशिवाय हे कळत नाही.

वाचायला काय घ्यायचं, हा तुझा पुढचा प्रश्न असणार. आम्ही एकदा ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांच्या कामाबद्दलचा मजकूर घेतला. १९६३ साली त्या देशाच्या ईशान्येला अँजिकोस नावाच्या गावी त्यांच्या पद्धतीनं सुमारे ३०० मजुरांना वाचायला शिकवलं गेलं. तेव्हा तिथं निरक्षर माणसाला मतदानाचा हक्कच नव्हता, म्हणजे अक्षर आलं की मत आलं. पुढच्याच वर्षी लष्करानं सत्ता घेतली, फ्रेरींना तुरुंगात टाकलं आणि नंतर त्यांना देश सोडावा लागला. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीपासून निरक्षर माणूसही मत देत आला आहे, त्यामुळे अक्षराला लष्कर इतकं का घाबरलं यावर आमच्याकडे बराच वेळ बोलणं झालं.

पण खरी रंगत आली ती पद्धतीवर. आधी चित्र दाखवायचं, त्यावर बोलायचं, मग त्यातला एक शब्द घ्यायचा. त्यांचा गाजलेला शब्द म्हणजे ‘तिजोलो’, वीट. त्याचे तुकडे करायचे: ति, जो, लो. मग प्रत्येक तुकड्याचं कुटुंब मांडायचं: ता, ते, ति, तो, तु. इथवर वाचलं आणि आमच्या निवृत्त बाई उठून उभ्याच राहिल्या. ‘अहो, ही तर आपली बाराखडी!’ मग फरक कुठे, यावर तासभर चर्चा चालली. आपण ग, म, भ, न पासून सुरू करतो कारण त्यांची वळणं एकमेकांत मिसळणारी, हाताला सोपी. मुलांसाठी ते बरोबरच आहे. पण प्रौढ बाईला ‘गमभन’मध्ये स्वतःचं काहीच दिसत नाही. फ्रेरींकडे बाराखडी येते, पण वीट कोण भाजतो आणि घर कुणाचं उभं राहतं हे बोलून झाल्यावर.

मग आम्ही तिथंच ‘मजुरी’ हा शब्द घेऊन पाहिला. म, जु, री. तिन्हींच्या बाराखड्या खडूनं फळ्यावर मांडल्या आणि त्यातून शब्द शोधायला लागलो: मजा, राजा, जर, मोर, रोज, रोजी, मजूर, मामा, मामी. आशाताईंनी काढला ‘जमा’. तो फळ्यावर पडला आणि सगळ्यांच्या एकदम ध्यानात आलं, अरे, हा तर पासबुकातला शब्द! पुढच्या बैठकीत त्या सांगत होत्या, वर्गात मजुरीवर बोलणं निघालं तर बायका थांबेनात. गड्याला किती आणि बाईला किती, इथून सुरुवात. आणि ‘जमा’ वाचता आल्यावर एकीनं दुसऱ्या दिवशी पासबुक पिशवीत घालून आणलं, तो शब्द कुठं छापलाय ते शोधायला.

तेव्हापासून आम्ही छापील व्यवहाराचे कागदही वाचायला घेतो. एकदा नुसती बँकेतून पैसे काढायची स्लिप घेतली. तू कधी नीट वाचून बघ. ‘अक्षरी रुपये’ म्हणजे नक्की काय लिहायचं, हे पहिल्यांदा स्लिप हातात घेणाऱ्याला कसं कळावं? तसंच पासबुकात ‘नावे’ म्हटल्यावर कुणालाही नाव लिहावंसं वाटेल, आणि तिथं मात्र खात्यातून गेलेली रक्कम असते. आपण हे कागद इतकी वर्षं भरतोय की त्यातलं अवघडपण आपल्याला दिसतच नाही. ‘उल्लास’ची परीक्षा १५० गुणांची, वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०, आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे. ते असू दे. पण वर्गात येणाऱ्या बाईला ही स्लिप स्वतःच्या हातानं भरायची असते, हे विसरून चालणार नाही.

गट चालवण्याबद्दल दोन शब्द. अध्यक्ष नको, वक्ता नको. स्वीडनमध्ये १९०२ साली लुंड शहरात ऑस्कर ओल्सन यांनी दारूबंदी चळवळीतल्या माणसांचं पहिलं अभ्यासमंडळ बसवलं, त्यांचा भर यावरच होता: शिक्षक मधे नको, पुस्तकं मिळून वापरायची आणि एकमेकांशी बोलत शिकायचं. आपल्याकडे एखादा बोलका माणूस गट ताब्यात घेतो आणि बाकीचे श्रोते होतात. म्हणून दर वेळी मजकूर निवडणारा वेगळा ठेव. आणि उठण्याआधी प्रत्येकानं आपल्या वर्गात करून बघायची एक गोष्ट सांगायची. पुढची बैठक त्याचं काय झालं इथूनच सुरू करायची. हा भाग कधीही गाळू नकोस. नाहीतर वाचन छान होतं, वर्ग मात्र होता तसाच राहतो.

सक्ती तर अजिबात करू नकोस. कुणी वरून ‘गटाचा मासिक अहवाल पाठवा’ म्हणालं तर नम्रपणे नाही म्हण. अहवाल आला की मागोमाग फोटो येतात, आणि मग माणसं फोटोपुरती येतात. मानधनाचा प्रश्न मात्र वाचनगटानं सुटत नाही, तसं कुणाला सांगूही नकोस. फुकट काम करणाऱ्या माणसाला प्रवासखर्च तरी मिळाला पाहिजे, तो लढा वेगळा लढायला हवा आणि मी त्यात तुझ्याबरोबर आहे.

तुमच्याकडची खरी अडचण ऊसतोडीची. दसऱ्यानंतर टोळ्या निघतात आणि वर्ग ओस पडतात. मला वाटतं, शिकवणाऱ्यांचा गट नेमका याच महिन्यांत घ्यावा. वर्ग नाही म्हणजे संध्याकाळ मोकळी. माणसं परत येतील तेव्हा त्यांची निम्मी अक्षरं गेलेली असतील, मग सुरुवात कुठून करायची, हाच पहिला विषय घे. आमच्या साताऱ्यात १९५९ साली ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली, गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा, पुढे ती राज्यभर गेली. इतकी मोठी मोहीम, पण नवसाक्षरांच्या हाती पुढे वाचायला काही राहिलं नाही तिथं अक्षरं पुन्हा पुसली गेली. फडावर जाणाऱ्या बाईबरोबर कोणता कागद द्यायचा, हे तुमच्या गटानं ठरवलं तर त्याचा उपयोग आम्हालाही होईल. फडावरचे शब्द तुम्हालाच माहीत: कोयता, मोळी, उचल. ‘उचल’, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेले पैसे, या शब्दावर तर एक अख्खी संध्याकाळ जाईल.

सोबत फ्रेरींवरच्या मजकुराची झेरॉक्स आणि कोऱ्या स्लिपा पाठवतोय. मजकूर भाषेला थोडा जड आहे, पहिल्या बैठकीला तो घेऊ नकोस, स्लिपच घे. बैठकीची तारीख ठरली की फोन कर. शनिवार धरलास तर मी शुक्रवारी रात्रीच्या एसटीनं निघतो.

वहिनींना नमस्कार, चिमणीला आशीर्वाद.

तुझा,
विनायक