पावसाळ्यात आणि थंडीत कोंबड्या बाहेर सोडण्याबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती

विषय: 'पाऊस वा थंडी असताना कोंबड्या खुराड्यातच ठेवाव्यात' या सूचनेचा फेरविचार

महोदय,

फलकावरची सूचना वाचली. तिच्यामागे कोंबड्यांची काळजीच आहे, हे मला कळतं. पण ती तशीच पाळली तर कोंबड्यांचे हाल होतील आणि शेजाऱ्यांना वासाचा त्रासही जास्त होईल. म्हणून हे लिहिते आहे.

आधी माझी चूक कबूल करते. माझ्या सहा कोंबड्यांपैकी जी पांढरी कोंबडी भिजताना पाहून वरच्या मजल्यावरून तक्रार आली, ती सिल्की जातीची आहे. इतर कोंबड्यांच्या पिसांतले तंतू बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे पिसं सपाट बसतात आणि रिमझिम पाऊस वरच्यावर ओघळून जातो. सिल्कीच्या पिसांना हे आकडेच नसतात, त्यामुळे ती कापसासारखी पाणी पितात. त्या दिवशी ती लादी पुसायच्या फडक्यासारखी दिसत होती, यात अतिशयोक्ती नाही. तिला वेळेवर आत घ्यायला हवं होतं. आता आभाळ भरून आलं की तिला पहिल्यांदा आत घेते.

बाकीच्या पाच जणींची गोष्ट वेगळी. कोंबडीच्या अंगाचं तापमान 41 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि पिसांखाली गरम हवेचा थर धरून ठेवलेला असतो. थंड सकाळी ती पिसं फुलवून बसते, ते कुडकुडणं नव्हे, हा थर जाड करणं असतं. अंग कोरडं असेल आणि वारा लागत नसेल, तर पुरती पिसं आलेली निरोगी कोंबडी शून्याखालची थंडीही काढते. उलट उन्हाळाच तिला जास्त जड जातो. भिजलेलं अंग आणि वर बोचरा वारा, हे दोन्ही एकदम आलं की मात्र तिला धोका असतो.

आता खुराडं बंद ठेवण्याबद्दल. मीही मागे एकदा सलग पाऊस लागला म्हणून चार दिवस त्यांना बाहेर सोडलं नव्हतं. कोंबडीच्या विष्ठेत बहुतेक पाणीच असतं, त्यात सहा जणींच्या श्वासाची वाफ. दुसऱ्या दिवशी खालचं तूस ओलं झालं, तिसऱ्या दिवशी दार उघडताच अमोनियाने माझे डोळे चुरचुरले. जिन्यापर्यंत वास आल्याची जी तक्रार नोंदवहीत आहे, तिची तारीख जरूर पाहा. ती त्याच आठवड्यातली आहे. शिवाय रिकामपणी त्यांनी एकमेकींची पिसं उपटायला सुरुवात केली. काळीची शेपटी अर्धी गेली होती. रक्ती हगवणीचंही भय असतंच, कारण विष्ठेतून पडलेले तिचे जंतू ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगे होतात. दार उघडलं, तूस बदललं, तेव्हा वासही गेला आणि भांडणंही.

सचिवांनी जाळीला प्लास्टिक गुंडाळायचं आणि आत बल्ब लावायचं सुचवलं होतं. प्लास्टिक वाऱ्याच्या बाजूला, तेही कोंबड्या बसतात त्या दांडीच्या उंचीपर्यंतच लावता येईल. वरची जाळी उघडीच हवी, नाहीतर वाफ आतच कोंडते. बल्ब मात्र नको. कोरडं तूस, धूळ आणि फडफडणारे पंख, आगीला आणखी काय लागतं? पिल्लं असती तर गोष्ट निराळी. त्यांना पहिल्या आठवड्यात 35 अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला साधारण 3 अंशांनी कमी करत जायचं, आणि सहा आठवड्यांपर्यंत बहुतेकांना पुरती पिसं येतात. तोवर त्यांना पावसात सोडायचं नाही, हे मलाही मान्य आहे.

माझी मागणी दोन गोष्टींची आहे. एक, कुंपणाच्या भिंतीला लागून आठ बाय सहा फुटांचं उतरतं छप्पर माझ्या खर्चाने घालू द्यावं. त्याखाली कोरडी माती आणि राख ठेवली की त्यांना लोळायला जागा मिळेल, दाणाही तिथेच टाकता येईल. दाणा भिजून बुरशी धरणार नाही आणि रानपाखरांची घाणही त्यात पडणार नाही. दोन, गच्चीच्या पन्हळीचं पाणी सध्या नेमकं त्यांच्या अंगणात पडतं. तो पाइप चार हात पलीकडे वळवावा. अर्धा चिखल त्याचाच आहे.

मग दार उघडं ठेवलं की त्या स्वतःच ठरवतात. मुसळधार असेल तर उंबऱ्यावरूनच माघारी फिरतात. भुरभुर असेल तर दोघी-तिघी गांडुळं शोधायला निघतात. वादळी पाऊस असेल, एखादी आजारी असेल किंवा पीसगळ चालू असेल, तर मी स्वतःच त्यांना आत ठेवीन. बर्ड फ्लूमुळे सरकारने कोंबड्या बंदिस्त ठेवायचा आदेश काढला, तर अर्थातच माझं म्हणणं बाजूला.

छपराची जागा दाखवायची आहे. रविवारी सकाळी आपण मागच्या अंगणात येऊ शकाल का? पाऊस असला तर उत्तमच, पन्हळीचं पाणी कुठे पडतं ते तेव्हाच दिसेल.

आपली विश्वासू,
तळमजल्यावरील, मागच्या अंगणाकडच्या सदनिकेतील सभासद