गुरूचा तो निळा मुकुट वेब दुर्बिणीचा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अवकाश दुर्बिणींवर आलेला लेख आवडीने वाचला. मराठी दैनिकाने या विषयाला जवळजवळ पानभर जागा दिली याचा आनंद आहे, आणि पुढे जे लिहितो आहे ते त्या आनंदापोटीच लिहितो आहे. लेखासोबत गुरूचे जे मोठे छायाचित्र छापले आहे, ज्यात उत्तर ध्रुवावर निळे झळाळते कडे दिसते, त्याखाली ‘जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेला गुरूवरील ध्रुवीय प्रकाश’ अशी ओळ आहे. आणि लेखाच्या अखेरीस, वेब आल्यामुळे हबल दुर्बीण आता कालबाह्य झाली, असे विधान आहे. ती ओळ चुकीची आहे आणि ते विधानही. दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे, तो म्हणजे नवी आणि मोठी दुर्बीण जुनीचे सगळे काम करू शकते हा.

ते छायाचित्र हबलचे आहे. ‘जूनो’ हे यान गुरूजवळ पोहोचत असताना, २०१६ मध्ये, ‘नासा’ने ते प्रसिद्ध केले होते. त्यात दोन वेगवेगळ्या वेळी घेतलेली चित्रे एकत्र केली आहेत: पट्ट्यापट्ट्यांची तबकडी हबलने साध्या दृश्य प्रकाशात टिपली, तर निळे कडे हबलच्याच वर्णपटमापकाने अतिनील प्रकाशात. अतिनील किरण आपल्या डोळ्यांना दिसतच नाहीत, तेव्हा तो निळा रंगही माणसांनी सोयीसाठी दिलेला आहे. हा खुलासा मला करावासा वाटला त्याला घरगुती कारण आहे. निवृत्तीनंतर मी गच्चीवर सहा इंची दुर्बीण लावतो आणि आसपासच्या मुलांना ग्रह दाखवतो. त्याच रविवारी रात्री आठवीतली एक मुलगी आपल्या अंकातले कात्रण घेऊन वर आली, बराच वेळ दुर्बिणीला डोळा लावून बसली, गुरूचे दोन करडे पट्टे आणि एका रेषेतले चार चंद्र तिने नीट पाहिले आणि मग विचारले, ‘आजोबा, ते निळं कुठंय?’

ते निळे गच्चीवरून कधीच दिसणार नाही. गुरूच्या ध्रुवीय प्रकाशातली अतिनील चमक प्रामुख्याने हायड्रोजनची आहे. हायड्रोजनच्या अणूची सर्वांत ठळक रेषा १२१.६ नॅनोमीटरवर येते आणि हायड्रोजनच्या रेणूचे पट्टे साधारण १६५ नॅनोमीटरपर्यंत पसरलेले असतात. एवढ्या आखूड तरंगलांबीचा प्रकाश पृथ्वीच्या वातावरणातला ऑक्सिजन वरच्या वर शोषून टाकतो, आणि उरलेल्या अतिनीलाचा मोठा भाग ओझोन अडवतो. साधी काचही या किरणांना भिंतीसारखीच असते. म्हणून या अभ्यासाला अवकाशात जावेच लागते आणि तिथेही आरसा विशेष काळजीने करावा लागतो. हबलच्या २.४ मीटर व्यासाच्या आरशावर ॲल्युमिनियमचा थर आहे; पण ॲल्युमिनियम उघडे ठेवले की त्यावर ऑक्साइडची साय धरते आणि ती साय दूर-अतिनील किरण खाऊन टाकते, म्हणून त्यावर मॅग्नेशियम फ्लोराइडचा सुमारे २५ नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा चढवला आहे. वेबच्या साडेसहा मीटरच्या आरशावर मात्र सोन्याचा मुलामा आहे. सोने अवरक्त, म्हणजे तांबड्याच्या पलीकडचे, किरण उत्तम परावर्तित करते, निळ्या आणि अतिनील किरणांना ते कुचकामी आहे. वेबची दृष्टीच मुळी ६०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे नारिंगी-तांबड्यापासून सुरू होते. हायड्रोजनची ती रेषा वेबला दिसण्याचा प्रश्नच येत नाही.

आता कोणी म्हणेल की वेबकडून त्याच ध्रुवीय प्रकाशाचे अवरक्त चित्र मिळत असेल तर अतिनील चित्राचा एवढा आग्रह कशाला? याचे उत्तर जरा सविस्तर द्यावे लागेल, कारण खरा विषय इथेच आहे.

पृथ्वीवरचा ध्रुवीय प्रकाश मुख्यतः सौरवाऱ्याच्या, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोताच्या, जोरावर पेटतो. गुरूचा कारभार बराचसा घरच्या घरी चालतो. त्याचा आयो नावाचा चंद्र ज्वालामुखींनी धगधगत असतो आणि गंधक व ऑक्सिजनचे द्रव्य दर सेकंदाला सुमारे एक टन या गतीने अवकाशात सोडत असतो. त्या द्रव्याचे विद्युतभारित कण होतात, गुरूचे प्रचंड चुंबकीय क्षेत्र त्यांना पकडते आणि दहा तासांहून कमी वेळात एक फेरी पूर्ण करणाऱ्या या ग्रहाबरोबर त्यांना गरगर फिरवते. हे कण बाहेर सरकत जातात तसतशी ही फिरवत ओढत नेण्याची क्रिया अवघड होत जाते, त्यातून चुंबकीय रेषांच्या बाजूने विजेचे प्रवाह वाहू लागतात आणि वेगवान इलेक्ट्रॉन ध्रुवांवरच्या हायड्रोजनवर आदळतात. आघात झालेला रेणू क्षणार्धात अतिनील प्रकाश टाकून मोकळा होतो. म्हणजे अतिनील चित्र हे इलेक्ट्रॉन कुठे आणि केव्हा आदळले याची जवळजवळ तत्क्षणी झालेली नोंद असते. अवरक्त चित्रातला प्रकाश बराचसा तीन हायड्रोजन अणूंच्या एका विद्युतभारित रेणूचा असतो; तो आघातानंतर तयार होतो, काही काळ टिकतो आणि भोवतालच्या तापमानाप्रमाणे कमीअधिक चमकतो. पहिली नोंद घावाची आहे, दुसरी घावानंतर अंगावर उठलेल्या वळाची.

याहून सुंदर गोष्ट मिथेनची आहे. गुरूच्या वातावरणात मिथेन तुलनेने खालच्या थरांत आहे आणि १४० नॅनोमीटरहून आखूड तरंगलांबीचा प्रकाश तो गिळतो. इलेक्ट्रॉन जितका जोरदार, तितका तो खोल शिरतो, आणि तिथून निघालेल्या प्रकाशाला वर येताना तितक्या जास्त मिथेनमधून वाट काढावी लागते. विहिरीच्या गढूळ पाण्यात विजेरी सोडली तर ती जसजशी खोल जाते तसतसा तिचा उजेड पिवळट-तांबूस होत जातो, आणि नुसत्या त्या रंगावरून विजेरी किती खोल गेली याचा अंदाज बांधता येतो. तसेच वर्णपटातल्या आखूड आणि लांब भागांचे गुणोत्तर पाहून शास्त्रज्ञ आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा काढतात. साठ-सत्तर कोटी किलोमीटर अंतरावरून, कोणताही कण हाती न घेता! विज्ञान शिकवण्यात आयुष्य गेले, तरी ही युक्ती आठवली की मला अजून गंमत वाटते.

या अभ्यासाचा इतिहास हबलपेक्षा जुना आहे, हेही लेखात यायला हवे होते. १९७९ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांवरच्या अतिनील उपकरणांनी गुरूच्या ध्रुवांवरचे हायड्रोजनचे उत्सर्जन नोंदवले, आणि पृथ्वीभोवती फिरणाऱ्या ‘आययूई’ या अतिनील वेधशाळेने १९७८ ते १९९६ अशी अठरा वर्षे सेवा बजावताना गुरूचेही वेध घेतले. पुढे हबलने आकाररेषा स्पष्ट केल्या: मुख्य कडे, त्याच्या आत क्षणोक्षणी बदलणारे ठिपके, आणि कड्याच्या बाहेर आयो, युरोपा व गॅनिमिड या चंद्रांची ‘पावले’. आयोजवळून जाणारी चुंबकीय रेषा गुरूच्या वातावरणाला जिथे टेकते तिथे एक तेजस्वी ठिपका आणि त्यामागे लांब शेपूट दिसते. चंद्र सव्वाचार लाख किलोमीटर अंतरावर, आणि त्याच्या पावलाचा ठसा मात्र ग्रहावर उमटलेला!

जपानने २०१३ मध्ये सोडलेल्या ‘हिसाकी’ उपग्रहाचे उदाहरण तर मोठ्या दुर्बिणींच्या भक्तांनी मुद्दाम पाहण्याजोगे आहे. त्याचा आरसा अवघा २० सेंटिमीटरचा, म्हणजे माझ्या गच्चीवरच्या दुर्बिणीपेक्षा थोडाच मोठा. पण हबलला जे जमत नाही ते त्याने केले. हबलचा वेळ जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांत मिनिटामिनिटाने वाटला जातो, तर हिसाकीने ग्रहांवर महिनोन्‌महिने नजर खिळवून ठेवली. २०१५ मध्ये आयोवरचे उद्रेक वाढले तेव्हा आयोच्या कक्षेभोवतीचे कणांचे वलय आणि पाठोपाठ गुरूचा ध्रुवीय प्रकाश कसा बदलत गेला, हे अशा सलग नोंदींमुळे कळू शकले. सूर्यप्रकाशाच्या हिशेबाने गुरूच्या वरच्या वातावरणाचे तापमान शून्याखाली सत्तरच्या घरात असायला हवे, प्रत्यक्षात ते चारशे अंश सेल्सिअसच्या वर आहे. हे कोडे अनेक दशके छळत होते. ही उष्णता ध्रुवीय प्रकाशाकडून विषुववृत्ताकडे पसरते, असे दाखवणारे संशोधन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यात हवाईतल्या केक दुर्बिणीच्या अवरक्त नकाशांबरोबर हिसाकी आणि जूनो यांच्या नोंदी वापरल्या होत्या. हिसाकीचे काम २०२३ च्या डिसेंबरात थांबले.

वेब आणि हबल एकमेकींच्या जागी नव्हेत, तर एकमेकींच्या शेजारी किती उपयोगी पडतात, याचा दाखला २५ डिसेंबर २०२३ चा आहे. त्या दिवशी दोन्ही दुर्बिणी एकाच वेळी गुरूकडे वळवल्या होत्या. वेबला जिथे सर्वांत झगझगीत प्रकाश दिसला, तिथे हबलच्या अतिनील चित्रात त्याला जोड सापडली नाही. असे व्हायचे तर अतिशय कमी ऊर्जेच्या कणांचा फार मोठा लोंढा वातावरणावर पडायला हवा, आणि तसे घडणे शक्य मानले जात नव्हते. कोडे पडले ते दोन चित्रे शेजारी ठेवली म्हणून. एकटी वेब असती तर ते झगझगीत चित्र आपण डोळे झाकून नेहमीच्या स्पष्टीकरणात बसवून टाकले असते.

हबलची शेवटची दुरुस्ती मे २००९ मध्ये झाली. त्याच भेटीत, २००४ पासून बंद पडलेला, गुरूचे ते कडे टिपणारा वर्णपटमापक अंतराळवीरांनी पुन्हा चालू केला. आता दुरुस्तीला जाणारी स्पेस शटलही राहिलेली नाहीत आणि जून २०२४ पासून दुर्बीण दिशेचा वेध ठेवणाऱ्या एकाच जायरोस्कोपच्या आधारे चालवली जाते आहे. ‘ज्यूस’ आणि ‘युरोपा क्लिपर’ ही गुरूकडे निघालेली याने अतिनील उपकरणे घेऊन गेली आहेत हे खरे. पण जवळून जाणारे यान आणि दुरून संपूर्ण गोलार्ध एका दृष्टिक्षेपात पाहणारी दुर्बीण यांची कामे निराळी आहेत. अशा वेळी हबलला कालबाह्य म्हणणे म्हणजे गावातल्या एकुलत्या एक विहिरीला जुनी म्हणून नावे ठेवण्यासारखे आहे.

लेखात भारताचा उल्लेख एका वाक्यात उरकला आहे, तोही चांद्रयानापुरता. अतिनील दुर्बिणी बांधण्याचे कसब आपल्याकडे आहे आणि त्यातले बरेचसे पुण्यात आहे. २०१५ मध्ये सोडलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ या भारतीय उपग्रहावरची अतिनील दुर्बीण बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या नेतृत्वाखाली ‘आयुका’ या पुण्याच्या खगोलशास्त्र केंद्राने व इतर संस्थांनी मिळून उभारली. तिचा दूर-अतिनील पट्टा १३० ते १८० नॅनोमीटरचा आहे. ‘आदित्य एल-१’वरून २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये सूर्याची चित्रे घेणारी दुर्बीण तर आयुकानेच तयार केली. यांतली पहिली तारे आणि दीर्घिकांसाठी, दुसरी सूर्यासाठी. ग्रहांसाठी एकही नाही. हिसाकीच्या आकाराची, एकाच कामाला वाहिलेली छोटी दुर्बीण हे आपल्या आवाक्यातले काम आहे असे माझे मत आहे, आणि आपल्या पुरवणीने आयुकातल्या जाणकारांकडून यावर लिहून घ्यावे अशी सूचना करतो.

तूर्त विनंती एवढीच की येत्या रविवारी छायाचित्राच्या ओळीची दुरुस्ती छापावी, आणि यापुढे ग्रहाचे चित्र देताना ते कोणत्या दुर्बिणीने व कोणत्या प्रकाशात घेतले आणि त्यातले रंग डोळ्यांना दिसणारे आहेत की दिलेले, हे खाली एका ओळीत लिहावे. दुरुस्तीचे कात्रण त्या मुलीला द्यायचे मी कबूल केले आहे.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सातारा